खडकावरचा घुमट नेमका कुणासाठी बांधला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते समजेल. जेरुसलेमचा ‘डोम ऑफ द रॉक’, म्हणजे कुब्बत अस-सख्रा, हा खलिफा अब्द अल-मलिकने मक्केची हज इकडे वळवायला बांधला, असं तुम्ही एका पुस्तकात वाचलंत. तुमचे सर म्हणतात की ती श्रद्धेची वास्तू आहे, तिच्यात राजकारण शोधू नका. मग सेमिनारमध्ये काय लिहायचं? शिवाय तुमची दुसरी शंका: मदिनेतली पहिली मशीद कच्च्या विटांची आणि खजुराच्या खोडांची होती, तर अवघ्या सत्तर वर्षांत हा सोन्याचा थाट आला कुठून?

मी जुन्या इमारतींची मोजणी आणि डागडुजी करते, जोडीला वास्तुकलेचा इतिहास शिकवते. त्यामुळे माझं उत्तर ग्रंथांपेक्षा भिंतींच्या बाजूनं येईल. आणि दर वर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली अडचण प्रश्नाच्या मांडणीतच आहे. ‘श्रद्धा की राजकारण’ हे दोन कप्पे आपले आहेत. सातव्या शतकातल्या खलिफाची पदवी होती अमीर अल-मुमिनीन, श्रद्धावंतांचा सेनापती. शुक्रवारच्या नमाजाला पुढे उभा राहणारा, सैन्य पाठवणारा आणि खजिन्याच्या किल्ल्या बाळगणारा माणूस एकच. प्रांतात त्याचा सुभेदार हेच सगळं करायचा. पुढे तर खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, कुणाचं नाव घेतलं जातं यावरून शहर कुणाच्या बाजूनं आहे ते कळायचं. नाव गाळलं की बंड. अशा समाजात मशीद ही राजकारणाबाहेरची जागा असूच शकत नव्हती, आणि म्हणून तिथली श्रद्धा खोटी होती असंही नाही. तेव्हा मी वर्गात प्रश्न बदलून विचारायला लावते. ही इमारत कुणाच्या डोळ्यांसमोर उभी केली? तिच्या जागेवर आधी काय होतं? तिच्यावर काय लिहिलंय? आणि तिचा खर्च, तिचे मजूर कुठून आले?

आता प्रसंग बघा. ६८३ मध्ये खलिफा यझीद वारला आणि दमास्कसहून राज्य करणाऱ्या उमय्यद घराण्याची, म्हणजे अब्द अल-मलिकच्याच घराण्याची, सत्ता जवळजवळ कोसळली. मक्केत अब्दुल्ला इब्न अल-झुबैरनं स्वतःला खलिफा म्हणवून घेतलं, आणि हिजाझ (मक्का-मदिनेचा प्रदेश), इराकसकट बराच मुलूख त्याच्याकडे गेला. अब्द अल-मलिक ६८५ मध्ये दमास्कसला गादीवर आला तेव्हा त्याच्या हातात मुख्यतः सीरिया आणि बापानं नुकताच परत मिळवलेला इजिप्त होता. मक्का शत्रूकडे. घुमटाच्या शिलालेखात हिजरी ७२ हे साल आहे, म्हणजे इसवी सन ६९१-९२. हे काम पूर्ण झाल्याचं साल की सुरू झाल्याचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. बहुतेक जण पूर्ण झाल्याचं मानतात. काही मानलं तरी युद्ध तेव्हा संपलेलं नव्हतं. इब्न अल-झुबैर मारला गेला तो ६९२ च्या शेवटी, अब्द अल-मलिकचा सेनापती हज्जाज इब्न यूसुफ यानं मक्केला वेढा घालून गलोल-यंत्रांनी दगड बरसवल्यावर.

‘हज वळवली’ ही गोष्ट येते ती मुख्यतः याकूबी या इतिहासकाराकडून. तो लिहितो की हजला गेलेल्या सीरियन लोकांकडून इब्न अल-झुबैर स्वतःच्या नावाची शपथ घ्यायचा, म्हणून अब्द अल-मलिकनं त्यांना मक्केला जायची बंदी केली, खडकावर घुमट बांधला, पडदे लावले आणि लोक काबेसारखी त्याला प्रदक्षिणा घालू लागले. याकूबी हे लिहितो नवव्या शतकात, दोनेकशे वर्षांनी. तो शियांकडे झुकलेला, आणि काळ अब्बासींचा, म्हणजे उमय्यदांना पाडून गादीवर आलेल्या घराण्याचा; उमय्यदांबद्दल चार वाईट शब्द लिहिण्यात तेव्हा कुणाचंच नुकसान नव्हतं. एकोणिसाव्या शतकात गोल्डत्सिहरसारख्या मोठ्या अभ्यासकानं ही गोष्ट उचलून धरली आणि ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. विसाव्या शतकाच्या मध्यात गॉइटाइन या अभ्यासकानं तिला जोरदार हरकत घेतली. स्वतःला श्रद्धावंतांचा प्रमुख म्हणवणारा माणूस कुराणात सांगितलेली हजच रद्द करायला निघाला, तर विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळेल. शिवाय तबरी या इतिहासकारानं नोंदवलंय की हिजरी ६८ मध्ये अराफातच्या, म्हणजे मक्केजवळच्या हजच्या, मैदानावर चार वेगवेगळे झेंडे उभे होते आणि त्यातला एक उमय्यदांचा होता. म्हणजे भर यादवीतही सीरियाकडची माणसं हजला जात होती. त्यामुळे मी तरी ‘काबेला पर्याय’ हे वाक्य सेमिनारमध्ये लिहिणार नाही. फार तर ‘असा आरोप पुढच्या काळात झाला’ इतकंच लिहा.

पण सरांचं ‘राजकारण शोधू नका’ हेही मी मान्य करणार नाही. का, ते सांगायला आधी जेरुसलेम सोडून मक्केला जाऊ, कारण याच वर्षांत काबेचं काय झालं हे फारसं कुणी शिकवत नाही. ६८३ मध्ये यझीदच्या सैन्यानं घातलेल्या वेढ्यात काबेला आग लागली, भिंती तडकल्या, भिंतीतला पवित्र काळा दगड फुटला. इब्न अल-झुबैरनं काबा पायापर्यंत उतरवून नव्यानं बांधला, आणि बांधताना तो बदलला. शेजारची हिज्र नावाची अर्धवर्तुळाकार जागा आत घेतली, जमिनीच्या पातळीवर समोरासमोर दोन दारं ठेवली. आधार काय? त्याची मावशी आएशा, पैगंबरांची पत्नी. तिनं सांगितलं होतं म्हणे की इब्राहीमच्या मूळ पायावर काबा पुन्हा बांधावा अशी पैगंबरांचीच इच्छा होती. म्हणजे इमारतीच्या आराखड्यातूनच तो म्हणत होता की पैगंबरांचा खरा वारस मी. तो मारला गेल्यावर हज्जाजनं, अब्द अल-मलिकच्या परवानगीनं, वाढवलेला भाग पाडला, एक दार बुजवलं, दुसरं पुन्हा उंचावर नेलं. काबा आज ज्या आराखड्यात दिसतो तो हाच. बांधकाम करणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल: चांगली उभी भिंत माणूस पाडतो ती तिच्यावर कुणाचं तरी नाव दिसतं म्हणून. परंपरा असंही सांगते की पुढे एका अब्बासी खलिफाला काबा पुन्हा इब्न अल-झुबैरसारखा करायची हुक्की आली, तेव्हा मदिनेच्या इमाम मालिक यांनी विनवलं की अल्लाहचं घर राजांच्या हातचं खेळणं करू नका.

याच अब्द अल-मलिकनं जेरुसलेममध्ये जे बांधलं ते निव्वळ भक्तिभावानं, हे मला पटत नाही ते यामुळे.

आता इमारतीकडे या. आपल्याकडे घुमट म्हटलं की विजापूरचा गोलघुमट डोळ्यांसमोर येतो, आतून जवळपास ३८ मीटर व्यासाचा. त्या मानानं हा घुमट लहान, २० मीटरच्या आसपास, आणि तोही लाकडी सांगाड्याचा, दुहेरी कवचाचा. आकारानं दिपवायचं असतं तर हा आकडा निवडला नसता. मग २० मीटरच का? पश्चिमेला काही मिनिटांच्या अंतरावर पवित्र कबरीचं चर्च आहे. ख्रिस्ताच्या मानल्या गेलेल्या थडग्यावर तिथे गोल सभागृह होतं, त्याच्या घुमटाचा व्यास आणि या खडकावरच्या घुमटाचा व्यास यांत अर्ध्या मीटरचा फरक आहे. जेरुसलेम-बेथलेहेम रस्त्यावर पाचव्या शतकातल्या एका चर्चचे अवशेष सापडलेत, कथिस्मा नावाचे. बेथलेहेमला जाताना मरियम जिथे टेकली तो खडक मधोमध, आणि भोवती अष्टकोनात प्रदक्षिणामार्ग. तीच मांडणी इथे आहे. मधल्या खडकाभोवती चार जाड खांब आणि बारा स्तंभांचं वर्तुळ; त्याबाहेर आठ खांब आणि सोळा स्तंभांचा अष्टकोन; मग बाहेरची अष्टकोनी भिंत. स्तंभ जुन्या रोमन-बायझंटाईन इमारतींतून आणलेले, रंग वेगळे, शीर्षं एकमेकांशी न जुळणारी. उंचीतला फरक खालच्या बैठकीत जिरवलाय. आणि एक लक्षात ठेवा, ही मशीद नाही. सगळ्या बाजूंनी सारखी असलेली, मधोमध काहीतरी जपणारी ही स्मारकवास्तू आहे. त्या शहरातला ख्रिस्ती माणूस हा आकार पाहून क्षणात ओळखेल की पवित्र जागेवर असंच बांधतात.

म्हणजे नवीन राज्यकर्त्यानं शहराला आधीच समजणाऱ्या भाषेत बोलायचं ठरवलं. पण म्हटलं काय, ते जागेतून आणि मजकुरातून कळतं.

जागा म्हणजे ज्यूंचा राजा हेरोद याचा प्रचंड चौथरा, ज्याच्यावर ज्यूंचं मंदिर होतं. रोमनांनी ते सन ७० मध्ये पाडलं, आणि पुढे ख्रिस्ती राजवटीत ही जागा मुद्दाम ओसाड राहू दिली गेली, कारण मंदिर उद्ध्वस्त असणं हाच ख्रिस्ताच्या भाकिताचा पुरावा मानत. शहराचा देखणा भाग पश्चिमेला, चर्चभोवती. अशा वेळी पूर्वेकडच्या ओसाड चौथऱ्यावर सोनेरी घुमट चढवला की शहराचं तोंडच फिरतं. ऑलिव्ह टेकडीवरून आधी तोच दिसतो, चर्च मागे जातं. मी हा घुमट बाहेरूनच पाहिलाय (बिगर-मुस्लिमांना आत सोडत नाहीत), पण ही गोष्ट बाहेरूनच नीट कळते. बाहेर निळ्या फरशा बसवल्या त्या मात्र ऑटोमन सुलतान सुलेमानच्या काळात, सोळाव्या शतकात; अब्द अल-मलिकच्या वेळी बाहेरही काचेचं मोझेक होतं. फोटो बघून निळ्या रंगावर निबंध लिहू नका, दर वर्षी दोघे-तिघे लिहितात.

मजकूर आतल्या अष्टकोनी कमानींच्या वर, दोन्ही अंगांनी, निळ्यावर सोनेरी मोझेकमध्ये आहे. लांबी जवळपास २४० मीटर. कुराणातली वचनं कोरलेल्या, साल असलेल्या इमारतींपैकी ही सर्वांत जुन्यांतली. आणि वचनं कुठली निवडली? आज या खडकाशी आपण जोडतो ती पैगंबरांच्या मेराजची, स्वर्गारोहणाची कथा त्यात नाहीच. त्यात आहे: ग्रंथ मिळालेल्या लोकांनो, धर्मात अतिरेक करू नका, मरियमचा पुत्र ईसा मसीह हा अल्लाहचा प्रेषित आहे, ‘तीन’ म्हणू नका, अल्लाह एक आहे, त्याला मूल नाही, राज्यात त्याचा भागीदार नाही. ख्रिस्ताच्या थडग्याच्या चर्चसमोर, मरियमच्या चर्चची मांडणी घेऊन, मरियमच्या मुलाबद्दल हे लिहिणं. ईसाला नाकारलेलं नाही, उलट त्याच्यावर सलामही पाठवलाय. फक्त त्याची जागा नव्यानं ठरवलीय. जिंकणाराच असं ठरवू शकतो. मोझेकमध्ये वेलींतून मुकुट, कंठे, रत्नं लटकलेली दिसतात, बायझंटाईन आणि ससानियन (जुन्या इराणी) राजचिन्हांसारखी. ओलेग ग्राबर या अभ्यासकानं त्याचा अर्थ हरलेल्या राजांच्या वस्तू पवित्र जागी टांगल्यासारखा लावला. काहींना ती स्वर्गाची झाडं वाटतात. मला ग्राबरचं म्हणणं जवळचं वाटतं, पण यावर हट्ट धरणार नाही.

विद्यार्थी इथे विचारतात, इतक्या उंचावरचा, अंधारातला मजकूर वाचणार कोण? रास्त शंका आहे. उत्तर खिशात आहे. हिजरी ७७ मध्ये, म्हणजे ६९६-९७ ला, अब्द अल-मलिकनं नवी सोन्याची दीनार काढली. त्याआधी त्याच्या नाण्यांवर तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभा असलेला खलिफा होता, त्याआधी बायझंटाईन नाण्यांची थोडी फेरफार केलेली नक्कल. नव्या नाण्यावर चित्र नाही, फक्त अक्षरं. अक्षरं कुठली? अल्लाह एक, त्याला भागीदार नाही, त्यानं कुणाला जन्म दिला नाही. घुमटातलीच वाक्यं. भिंतीवर न वाचता येणारा मजकूर बाजारात हातोहात फिरू लागला. याच काळात सरकारी दफ्तराची भाषा ग्रीक-फारसीऐवजी अरबी होऊ लागली, आणि रस्त्यांवर त्याच्या नावाचे अंतरदर्शक दगड रोवले गेले. जेरुसलेमच्या रस्त्यावरचे काही सापडलेत. तेव्हा घुमट एकटा अभ्यासू नका. नाणं, दफ्तर, रस्ता आणि घुमट हा एकाच हाताचा कारभार आहे. सेमिनारमध्ये नाण्याचा फोटो घुमटाच्या शेजारी लावा, अर्धं काम तिथेच होईल.

उमय्यदांचा जेरुसलेमशी संबंध यादवीत सुरू झालेला नाही, हेही घाला. पहिला उमय्यद खलिफा मुआविया यानं साधारण ६६०-६१ मध्ये याच शहरात निष्ठेची शपथ स्वीकारली, आणि एक सीरियाक बखर सांगते की तो गोलगोथाला, म्हणजे ख्रिस्ताला क्रुसावर दिल्याच्या जागी, आणि मरियमच्या थडग्यापाशी जाऊन प्रार्थना करून आला.

इथवर पहिला प्रश्न. थोडक्यात: हजला पर्याय ही शंकास्पद गोष्ट; ख्रिस्ती शहरासमोर आणि यादवीत फुटलेल्या मुसलमानांसमोर आपल्या राज्याचा आणि धर्माचा दावा, हे इमारत स्वतः सांगते.

आता तुमचा ‘साधेपणा’. मदिनेतलं पैगंबरांचं अंगण खरंच साधं होतं. पण सत्तर वर्षांची उडी एकदम नाही, मधला टप्पा इराक-इजिप्तच्या छावणी-शहरांचा आहे, आणि सत्ता मशिदीत शिरली ती तिथे, सोन्याच्या कितीतरी आधी. कूफा वसवलं ६३८ ला. सांगतात की मधोमध उभं राहून एकानं चारी दिशांना बाण मारले, बाण पडले त्याच्या आत मशीद आणि मैदान, वस्ती त्याच्या पलीकडे. छतासाठी जवळच्या हिरा या गावच्या जुन्या वाड्यांचे खांब आणले. सुभेदाराचा वाडा आणि खजिना थोडा दूर होता. चोरांनी भिंत फोडून खजिना लुटला. खलिफा उमरनं कळवलं, मशीद वाड्याला लागून घ्या, तिथे रात्रंदिवस माणसं असतात. झालं, मशिदीच्या किब्ल्याच्या, म्हणजे मक्केकडच्या, भिंतीला वाडा चिकटला. हे चोरीवरचं व्यवहारी उत्तर, पण परिणाम बघा: आता सुभेदार गर्दीतून न येता थेट पुढच्या भिंतीतून, सगळे ज्या दिशेला तोंड करून बसलेत त्या दिशेकडून आत येतो. नाटकवाल्यांना विचारा, प्रवेश कुठून झाला याचं महत्त्व काय असतं ते.

उमरची हत्या ६४४ ला मदिनेच्या मशिदीत झाली, खलिफा अलींवर वार ६६१ ला कूफ्याच्या मशिदीत झाला, मुआवियावरही त्याच सुमारास हल्ला झाला आणि तो वाचला. मग मकसुरा आली, मिहराबजवळ (मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्याजवळ) खलिफासाठी वेगळा जाळीदार भाग. कारण सुरक्षेचं, दृश्य मात्र राजाचं. याउलट परंपरा सांगते की इजिप्तमध्ये अम्र इब्न अल-आसनं फुस्तातच्या मशिदीत मिंबर, म्हणजे प्रवचनाचं उंच आसन, केलं, तेव्हा उमरनं ते मोडायला लावलं, लोक तुझ्या टाचांपाशी बसलेत तेवढं पुरे नाही का म्हणून. म्हणजे थाटाला विरोध पहिल्यापासून होता, आणि तो इमारतीच्या तपशिलांवरूनच व्हायचा.

सोनं आलं ते सीरियातून. इराकातली शहरं मोकळ्या रानात वसवलेली. दमास्कस, जेरुसलेम मात्र जिवंत, भरलेली ख्रिस्ती शहरं. मुसलमान तिथे कितीतरी पिढ्या अल्पसंख्य. दहाव्या शतकातला भूगोलकार अल-मुकद्दसी, नावाप्रमाणेच जेरुसलेमचा, आपल्या काकांशी झालेला संवाद लिहून ठेवतो. पुतण्या म्हणतो, अल-वलीदनं (अब्द अल-मलिकचा मुलगा आणि पुढचा खलिफा) मुसलमानांचा पैसा दमास्कसच्या मशिदीवर उधळला, रस्ते, पाण्याची टाकी, किल्ले दुरुस्त केले असते तर बरं झालं असतं. (हा वाद तुम्हीही घरी जेवताना ऐकला असेल, इमारत वेगळी एवढंच.) काका म्हणतात, बाळा, तुला कळलं नाही. हा मुलूख ख्रिस्त्यांचा, त्यांची चर्चं देखणी, नाव झालेली. मुसलमानांचं मन त्यांच्यावरून हटावं म्हणून त्यानं ही मशीद बांधली. अब्द अल-मलिकनंही पवित्र कबरीच्या चर्चचा घुमट पाहून तेच केलं. हा पुरावाही उशिराचा, तीनेकशे वर्षांनंतरचा, पण इमारतीच्या मोजमापाशी जुळतो. याकूबीचा जुळत नाही. माझ्या कामात मी हाच निकष लावते.

दमास्कसची ती मशीद मी २००९ मध्ये चार दिवस नुसती चालत पाहिली. त्या जागेवर आधी अरामी देव हदादचं देऊळ, मग रोमनांचं ज्युपिटरचं, मग संत योहानाचं चर्च. जिंकल्यानंतर सत्तर वर्षं मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच आवारात आपापल्या भागात प्रार्थना करत होते. अल-वलीदनं (७०५-१५) पुरं आवार घेतलं, बदल्यात शहरातली इतर चर्चं ख्रिस्त्यांकडे कायम केली. चर्चला हात लावणारा वेडा होतो असं ख्रिस्ती म्हणत, म्हणून पहिला घाव खलिफानं स्वतः घातला अशी कथा आहे. रोमन आवाराची बाहेरची भिंत त्यानं तशीच ठेवली, कोपऱ्यातले चौकोनी बुरूज अजानसाठी वापरले. आत लांब पसरलेल्या तीन ओळी, आणि मधोमध त्यांना छेदणारा उंच भाग, जणू राजदरबाराची वाट, मिहराबपर्यंत. मागच्या बाजूला मुआवियाच्या काळापासूनचा वाडा. कूफ्यातला चोरीवरचा उपाय इथे राजेशाही रिवाज झालाय. जेरुसलेममध्येही चौथऱ्याच्या दक्षिणेला उत्खननात मोठे उमय्यद वाडे निघालेत.

अंगणातल्या मोझेकात नदी, मोठमोठी झाडं, वाडे, आणि एकही माणूस नाही, प्राणी नाही. ते शतकानुशतकं चुन्याखाली होतं, १९२० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा उजेडात आलं. स्वर्ग, की खलिफाच्या अमलाखालचं शांत जग? मी तासभर बसून पाहिलं आणि दोन्ही वाटलं. माणसं रंगवायची नाहीत असा त्यांचा सरसकट नियम होता म्हणाल, तर जॉर्डनच्या वाळवंटात कुसैर अम्रा बघा: त्याच घराण्याच्या राजपुत्राच्या स्नानगृहात शिकारी, नाहणाऱ्या बायका, आणि ओळीनं उभे केलेले सहा राजे, त्यात कैसर (बायझंटाईन सम्राट) आणि किस्रा (इराणचा शहा). वाड्यात एक भाषा, मशिदीत दुसरी, आणि दोन्हींवर हुकमत.

खर्चाबद्दल नंतरचे लेखक सीरियाचा सात वर्षांचा महसूल वगैरे सांगतात. असले आकडे मी बाजूला ठेवते. त्यापेक्षा भारी पुरावा इजिप्तमधल्या अफ्रोडिटो या गावाच्या कागदपत्रांत मिळाला. ७०९ ते ७१५ मध्ये इजिप्तचा सुभेदार असलेला कुर्रा इब्न शरीक तिथल्या बासिलिउस नावाच्या ख्रिस्ती अंमलदाराला पत्रं लिहितो, बरीचशी ग्रीकमध्ये: दमास्कसच्या मशिदीच्या, जेरुसलेमच्या मशिदीच्या, अमीर अल-मुमिनीनच्या वाड्याच्या कामासाठी इतके मजूर, इतके महिने, त्यांचं खाणं-वेतन गावानं भरायचं, उशीर नको. नाईलच्या काठचा कॉप्ट, म्हणजे इजिप्शियन ख्रिस्ती, शेतकरी, जो ती मशीद कधी वापरणार नाही, तो तिच्या बांधकामासाठी शेकडो कोस लांब जातोय. साम्राज्य म्हणजे काय, हे मला त्या मोझेकपेक्षा या मागणीपत्रांत जास्त स्पष्ट दिसतं. सेमिनारमध्ये हे घालाच, सहसा कुणी घालत नाही.

अब्बासींवर एक-दोन वाक्यंच पुरेत, तुमचा विषय तो नाही. मन्सूरच्या बगदादेत (७६२) वर्तुळाच्या मध्यभागी वाडा, त्याला लागून मशीद, वाड्याची बाजू ४०० हात तर मशिदीची २००. अल-महदीनं उलट ७७८ च्या सुमारास मकसुरा काढायला आणि मिंबरं पैगंबरांच्या मिंबराच्या उंचीवर आणायला सांगितलं, उमय्यद माजले होते आणि आम्ही सुन्नतीवर, म्हणजे पैगंबरांच्या रीतीनं, चालतो हे दाखवायला. थाट उतरवणं हाही हुकूमच असतो. आणि समर्राची नवव्या शतकातली मशीद २३९ बाय १५६ मीटर, शेजारी गोगलगायीसारखा मनोरा. तिथे मात्र खरंच आकाराचा मामला आहे.

एक अब्बासी गोष्ट मात्र तुमच्या थेट कामाची. घुमटातल्या त्या शिलालेखात आज तुम्हाला बांधणाऱ्याचं नाव अब्द अल-मलिक दिसणार नाही. तिथे आहे अल-मामून, जो ८१३ ते ८३३ या काळात खलिफा होता. त्यानं जुनं नाव काढून आपलं बसवलं. जागा कमी पडली म्हणून अक्षरं दाटीवाटीनं बसवलीत, मोझेकचा रंगही किंचित वेगळा पडलाय. आणि साल बदलायचं राहून गेलं. हिजरी ७२ तसंच आहे, मामूनच्या जन्माच्या जवळपास शंभर वर्षं आधीचं. म्हणून तर आपल्याला कळतं.

तुमच्या सरांना पटवायला मी एवढंच दाखवेन: घुमटातली ही दाटीवाटीची अक्षरं, आणि दमास्कसच्या दक्षिण भिंतीवरच्या जुन्या बुजवलेल्या दाराचा फोटो. त्या दाराच्या पाटावर ग्रीकमध्ये लिहिलंय की ख्रिस्ता, तुझं राज्य सर्व युगांचं राज्य आहे. अल-वलीदच्या माणसांनी चर्च पाडलं, भिंत ठेवली, आणि ते वाक्य तिथेच राहिलं, आजही आहे. का राहू दिलं, हे त्यांना विचारा. वर्गात तास छान रंगेल.